ब वर्ग वाचनालयाचे संगणकीकरण : १८ हजार पुस्तके, दोन माणसे. सुरुवात कुठून करावी?

तालुका_वाचनालय (मूळ प्रश्न)

नमस्कार मंडळी. तालुक्याच्या गावचे शासनमान्य ब वर्ग वाचनालय आहे. दाखल नोंदवहीचा (आलेल्या प्रत्येक पुस्तकाला क्रमाने अंक देणारी वही) शेवटचा अंक १८ हजारांच्या पुढे गेला आहे. त्यांतली प्रत्यक्ष कपाटात किती, हे छातीठोकपणे सांगता येत नाही. ग्रंथपाल आणि लिपिक अशी दोन माणसे, शिपाई अर्धवेळ. देवघेव अजून सभासदाच्या पानावर हातानेच होते.

कार्यकारिणीने ठराव केला आहे की वर्षभरात संगणकीकरण पूर्ण करायचे. एका विक्रेत्याकडून सॉफ्टवेअर, बारकोड आणि दारात आरएफआयडीचे (पुस्तकातला रेडिओ-टॅग ओळखणारे) गेट असे एकत्र कोटेशन आले आहे. ते घ्यावे, की कोहा किंवा ई-ग्रंथालय या सॉफ्टवेअरकडे जावे, हा पहिला प्रश्न.

बाकीचा गुंता असा. सहा-सात हजार पुस्तकांची यादी एक्सेलमध्ये आहे, पण निम्मी श्रीलिपी आणि निम्मी कृतिदेव या जुन्या फाँटांत. बालविभागाची दाखल नोंदवही वेगळी आहे आणि तीही १ पासूनच सुरू होते. वर्गीकरण घरचेच : कादंबरी, कथा, चरित्र, नाटक, धार्मिक अशी कपाटे आणि आत दाखल अंकाने मांडणी. काही पदाधिकाऱ्यांचे म्हणणे की करायचेच तर दशांश वर्गीकरणही (विषयवार अंक देऊन मांडणी) आत्ताच करून टाका. अध्यक्षांना शंभर वर्षांपूर्वीची पुस्तके स्कॅन करून वेबसाइटवर टाकायची आहेत. आणि एक ज्येष्ठ सभासद रोज विचारतात, "एवढं करून वाचक वाढणार का?" त्यांना काय सांगू, तेही सुचवा.

जुना_दाखलअंक

सर, सॉफ्टवेअरचा प्रश्न सर्वांत सोपा आहे, म्हणून तो आधी उरकतो. ई-ग्रंथालय एनआयसीचे, म्हणजे केंद्र सरकारच्या संगणक संस्थेचे आहे. ३ क्रमांकाची आवृत्ती स्थानिक संगणकावर चालायची, ४ क्रमांकाची ब्राउझरमधून क्लाउडवर चालते. इंटरनेट दिवसभर टिकत असेल तरच तिकडे जा. कोहा खुले सॉफ्टवेअर आहे, १९९९ मध्ये न्यूझीलंडमधल्या एका छोट्या ग्रंथालय संस्थेसाठी लिहिले गेले आणि २००० पासून सर्वांना फुकट आहे. मात्र ते लिनक्सवर चालते. गावात लिनक्स सांभाळणारा माणूस नसेल तर वार्षिक शुल्क देऊन होस्टिंग घ्यावे लागेल. खासगी सॉफ्टवेअर घेतलेत तरी हरकत नाही, पण करारात दोन ओळी हव्यातच : सगळ्या नोंदी मार्क २१ (ग्रंथनोंदींचा सर्वमान्य संगणकीय साचा) नमुन्यात केव्हाही काढून मिळतील, आणि वेबसाइटचे डोमेन वाचनालयाच्या नावावर राहील. यावर जो विक्रेता आढेवेढे घेईल त्याला चहा पाजून परत पाठवा. आरएफआयडीचे गेट तर आत्ता नकोच. त्याने पडताळणी लवकर होते हे खरे, पण टॅगचा खर्च दर पुस्तकामागे येतो आणि लोखंडी कपाटाला टेकलेला टॅग नीट वाचला जात नाही. ब वर्गाला बारकोड पुरतो.

खरे काम नोंदींचे. मराठी पुस्तकाची एक नोंद पुस्तक हातात घेऊन करायला सरासरी चार मिनिटे धरा. १८ हजारांना ७२ हजार मिनिटे, म्हणजे १२०० तास. दोघांनी रोज तीन-तीन तास दिले तर कामाचे २०० दिवस. वर्षात बसते, पण तीन तास खरोखर मिळायला हवेत. देवघेवीच्या वेळात हे होत नाही, तेव्हा सकाळचे तीन तास आत बसून काम करण्याची परवानगी ठरावातच घ्या. आयएसबीएन (पुस्तकावर छापलेला आंतरराष्ट्रीय क्रमांक) टाकून परदेशी ग्रंथालयातून नोंद ओढता येते असे विक्रेता सांगेल. इंग्रजी पुस्तकांना ते चालते. लायब्ररी ऑफ काँग्रेसमधून येणारी मराठी पुस्तकाची नोंद मात्र बहुतेक वेळा रोमन लिपीत, अक्षरांवर-खाली खुणा लावलेली असते. ती देवनागरीत आणण्यापेक्षा नवी नोंद लवकर होते. शिवाय १३ अंकी आयएसबीएन २००७ पासूनचा, त्याआधीचा १० अंकी, आणि तुमच्या निम्म्या पुस्तकांवर तो मुळातच नसेल.

दाखल अंक १ पासून सुरुवात करू नका. पहिल्या दोन-तीन हजारांतली निम्मी पुस्तके एक तर बाद झालेली असतात किंवा सापडतच नाहीत, आणि ती शोधण्यात पहिले दोन महिने जाऊन माणसे कंटाळतात. त्याऐवजी जे पुस्तक परत येईल ते नोंद आणि बारकोड झाल्याशिवाय कपाटात जाऊ द्यायचे नाही. दोन-तीन महिन्यांत फिरती पुस्तके जवळजवळ सगळी आत येतात आणि काउंटर संगणकावर चालू करता येतो. मग कपाटामागून कपाट. नोंद झालेल्या पुस्तकाच्या पुठ्ठ्याच्या कण्यावर खाली हिरवी टिकली लावा, म्हणजे लांबून कळते काय राहिले. शेवटी दाखल नोंदवही उघडून जे अंक संगणकात नाहीत त्यांची यादी काढा. तीच तुमची गहाळ यादी. त्यावर पडताळणी आणि निर्लेखनाचा (पुस्तके नोंदीतून रीतसर बाद करण्याचा) ठराव. तोवर नोंदवहीत बाद केल्याची लाल शाई लागू नये.

एक्सेलमधली यादी वापरणार असाल तर प्रतींकडे लक्ष द्या. तुमच्या यादीत एक दाखल अंक म्हणजे एक ओळ. एका कादंबरीच्या चार प्रती म्हणजे चार ओळी. ती फाइल मार्कएडिट या नोंदी बदलणाऱ्या सॉफ्टवेअरमधून जशीच्या तशी कोहात ढकलली की एकाच कादंबरीच्या चार स्वतंत्र ग्रंथनोंदी तयार होतात आणि वाचकाला शोधात तेच नाव चारदा दिसते. नोंद एक आणि तिच्याखाली चार प्रती असे हवे. म्हणून आयात करण्याआधी शीर्षक, लेखक, प्रकाशक, आवृत्ती या क्रमाने यादी लावून एकसारख्या ओळींना एकच गट-क्रमांक द्या. नुसत्या आयएसबीएनवरून गट करू नका. एकच क्रमांक दोन वेगळ्या पुस्तकांवर छापलेला सापडतो.

एक्सेलच्या खोड्याही आहेतच. आयएसबीएनचा रकाना मजकूर म्हणून आधी ठरवला नाही तर ९.७८ई+१२ असे दिसते आणि तसेच सीएसव्ही (साध्या मजकुराच्या) फाइलमध्ये सेव्ह केले की शेवटचे अंक जातात. ००४५१ चे ४५१ होते. सीएसव्ही फाइल दुहेरी टिचकीने उघडली की मराठीचा चुथडा दिसतो. ती आयात करून यूटीएफ-८ (युनिकोडचा पर्याय) निवडायचा, आणि चुथडा दिसत असताना चुकूनही सेव्ह करायची नाही. किमतीत "रु." लिहू नका, फक्त आकडा. जुन्या पुस्तकावर शके असेल तर ७८ मिळवून इसवी सन लिहा, मूळ शके टीपेत ठेवा.

दशांश वर्गीकरण आत्ता अजिबात नको. मराठी साहित्य ८९१.४६, त्यात कविता ८९१.४६१, नाटक ८९१.४६२, कथा-कादंबरी ८९१.४६३. तुमची दोन तृतीयांश पुस्तके शेवटच्या एका आकड्यात कोंबली जातील आणि वाचकाला सवयीचे कपाट मोडेल. वर्गांकाचा रकाना रिकामा ठेवा, इतिहास, शेती, स्पर्धा परीक्षा या कपाटांना पुढे सावकाश भरा.

अनुस्वार

वरच्या प्रतिसादाला +१. मराठी मजकुराबद्दल भर घालतो, कारण सॉफ्टवेअर चांगले असूनही "पुस्तक सापडत नाही" ही तक्रार बहुतेक वेळा इथूनच येते.

श्रीलिपी आणि कृतिदेव हे युनिकोड (सगळ्या संगणकांवर सारखी चालणारी अक्षर-पद्धत) नव्हेत. तिथे इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले आहेत. दोघांचे बदलक वेगळे, म्हणून फाइल आधी फाँटप्रमाणे वेगळी करा. सगळी एकदम बदलू नका. रफार, पहिली वेलांटी आणि जोडाक्षरे असलेल्या दोनशे ओळी आधी बदलून बघा : आर्थिक, मार्मिक, ज्ञान, श्रद्धा, स्त्री, कर्तृत्व. रफार आणि ऱ्हस्व वेलांटी एकाच अक्षरावर आली की बदलक बहुधा तिथेच घसरतो आणि वेलांटी शेजारच्या अक्षरावर जाते.

युनिकोडमध्येही एकच शब्द दोन तऱ्हांनी टंकता येतो. दऱ्या, सुऱ्या यांतला अर्धा र नुक्त्याच्या ऱ ने काढता येतो किंवा साध्या र ला हलन्त आणि अदृश्य जोडखूण लावून. डोळ्याला फरक दिसत नाही, संगणकाला ते दोन वेगळे शब्द. अॅ तीन तऱ्हांनी येतो : एकसंध अक्षर, अ वर वेगळी चंद्राची मात्रा, आणि ए वर चंद्र असलेला हिंदी वळणाचा ऍ. विसर्गाच्या जागी कोलन तर सर्रास. "दु:ख" मध्ये कोलन टंकलेला असेल तर विसर्ग देऊन शोधणाऱ्याला ते पुस्तक मिळणार नाही, वर यादी फोडताना कोलनपुढचा भाग उपशीर्षक समजून वेगळ्या रकान्यात जाऊ शकतो. या चार-पाच गोष्टी आयातीपूर्वी शोधा-बदला करून एकाच रूपात आणा. पुढे दोघांनी एकच कळफलक वापरायचा. एक इनस्क्रिप्टवर आणि दुसरा गुगलच्या उच्चारी टंकनावर असे चालले की घोळ परत सुरू.

लेखकाचे नाव आडनाव आधी, मग आद्याक्षरे, दोन आद्याक्षरांत एक जागा. "अ.ब.", "अ. ब." आणि "अ ब" हे संगणकाच्या लेखी तिघे लेखक. टोपणनावांना अधिकृत नामसूची लागते. कुसुमाग्रज आणि वि. वा. शिरवाडकर हे उदाहरण घ्या : कविता एका नावावर, नाटके दुसऱ्या नावावर. पुस्तकावर जे नाव तेच मुख्य नोंदीत ठेवायचे आणि दोन्ही नावांमध्ये "हेही पहा" असा दुवा द्यायचा. एकाच नावाखाली सगळे कोंबले की नाटक मागायला आलेला कवितांच्या यादीत फिरत बसतो. त्याच नामसूचीत लेखकाचे रोमन स्पेलिंगही घाला, कारण मोबाइलवरून शोधणारे निम्मे लोक इंग्रजी अक्षरांतच टंकतात. प्रत्येक शीर्षकाला रोमन रूप देणे झेपणार नाही. जास्त फिरणाऱ्या पाचशे पुस्तकांना द्या.

कोहा घेतलेत तर बसवणाऱ्याला एकच प्रश्न विचारा : झेब्राची (कोहाच्या शोधयंत्राची) अनुक्रमणिका सीएचआर या अक्षर-नियमांवर आहे की आयसीयूवर? देवनागरीला आयसीयू लागते. मूळ सेटिंग तसेच राहिले तर काना-मात्रांवर शब्द तुटतात आणि शोध कधी लागतो, कधी नाही. बदलल्यावर संपूर्ण अनुक्रमणिका नव्याने बांधावी लागते, नाहीतर जुन्या नोंदी तशाच राहतात.

अनुक्रमाबद्दलही सांगतो. साध्या युनिकोड क्रमाने ळ हा ल च्या मागोमाग येतो, क्ष क मध्ये आणि ज्ञ ज मध्ये जातो. तुमच्या छापील यादीत ळ, क्ष, ज्ञ शेवटी असतील तर दोन याद्या जुळणार नाहीत. संगणकाचा क्रम चुकला म्हणून कपाटे हलवू नका.

तालुका_वाचनालय

फार उपयोगी. दाखल अंक १ पासून सुरू करायचा बेत आजच रद्द. बारकोड आणि बालविभागाच्या दुहेरी अंकांचे कोणी सांगेल का? विक्रेता लेबल पुठ्ठ्यावर मागच्या बाजूला लावा म्हणतो.

बांधणी_विभाग

मॅडम/सर, बालविभागाचे आधी. कोहा काय नि दुसरे काय, एकच बारकोड दोन प्रतींना घेत नाही. म्हणून बारकोड सहा अंकी करा आणि पहिला अंक नोंदवहीसाठी राखून ठेवा. मोठ्यांच्या नोंदवहीतला ४५१ म्हणजे १००४५१, बालविभागातला ४५१ म्हणजे २००४५१. संदर्भ विभागाची वेगळी वही असेल तर ३. शून्याने सुरुवात नसल्यामुळे एक्सेलही काही कापत नाही. "बा-४५१" अशी अक्षरे बारकोडात घालू नका. स्कॅनर हा संगणकाच्या दृष्टीने कीबोर्डच असतो. मराठी कळफलक चालू असताना स्कॅन केले की अक्षरे भलतीच उमटतात, आणि काही कळफलकांत अंकसुद्धा देवनागरी येतात, मग "पुस्तक सापडले नाही". काउंटरच्या संगणकाची मूळ भाषा इंग्रजी ठेवा, मराठी फक्त नोंदीच्या संगणकावर.

लेबल मागच्या पुठ्ठ्यावर लावायचे नाही. आपली पुस्तके दोन-तीन वर्षांनी बांधणीला जातात. पुठ्ठा जातो, अस्तराचा कागद जातो, बारकोड बाइंडरच्या कचऱ्यात. तारीख-पट्टीवरही नको, पट्टी भरली की बदलते. मुखपृष्ठाच्या आतल्या शीर्षक-पानाच्या मागे लावा, छापील मजकूर न झाकता, कण्यापासून निदान दोन बोटे लांब. कण्याजवळ पान वाकते आणि स्कॅनर वाचत नाही. तोच दाखल अंक हाताने गुप्त पानावर (खुणेसाठी प्रत्येक पुस्तकात ठरवलेल्या आतल्या पानावर) असतोच, तो चालू ठेवा. लेबल फाटले तर पुस्तकाची ओळख तिथून पटते.

छपाई लेसरवर, ए-४ लेबल-कागदावर. ६५ लेबलांच्या कागदावर एक लेबल ३८.१ बाय २१.२ मिमी. त्यात कोड १२८ या बारकोड-प्रकारात सहा अंक आरामात बसतात. कोड ३९ ला जास्त रुंदी लागते. पट्ट्यांच्या दोन्ही बाजूंना निदान अडीच-तीन मिमी कोरी जागा सोडा, बऱ्याचदा लेबल वाचले जात नाही ते तेवढ्यासाठीच. इंकजेटची शाई दमट हवेत पसरते. दुकानातल्या पावतीसारखा उष्णतेने काळा होणारा कागद तर नकोच, उन्हाळ्यात पत्र्याखालच्या कपाटात वर्षभरात लेबल करडे पडते. थर्मल प्रिंटर घ्यायचाच तर रिबनवाला घ्या. वरून चिकटपट्टी लावू नका. ती पिवळी पडते, तिचा गोंद पाने चिकटवतो.

लेबले आधी छापून गठ्ठा करून ठेवायची आणि मग पुस्तक शोधायचे, असे केले की दोन पुस्तकांची लेबले हमखास उलटसुलट लागतात. नोंद झाली, लेबल लावले, लगेच स्कॅन करून पडद्यावर शीर्षक जुळते का बघितले, मगच टिकली.

दिवाळी अंकांना दाखल अंक न देता वेगळी मालिका द्या, ९ ने सुरू होणारी, आणि मुदत तीन-चार दिवसांची ठेवणारा वेगळा प्रकार सॉफ्टवेअरमध्ये करा. एका मासिकाची एकच नोंद आणि वर्षागणिक तिच्याखाली प्रती. नाहीतर दर दिवाळीला शंभर-दीडशे नव्या नोंदींची भर पडते आणि शोधात खरी पुस्तके बुडतात.

कलम_५२

स्कॅनिंगबद्दल थोडक्यात. प्रताधिकार अधिनियम, १९५७ प्रमाणे लेखकाच्या हयातीत छापलेल्या पुस्तकाची मुदत त्याच्या मृत्यूनंतरच्या १ जानेवारीपासून ६० वर्षे. लेखक १९६० मध्ये वारले असतील तर ३१ डिसेंबर २०२० ला मुदत संपली. पुस्तक शंभर वर्षे जुने आहे एवढ्याने काही ठरत नाही. तिशीत पुस्तक लिहून नव्वदीपर्यंत जगलेले लेखक पुष्कळ. भाषांतरकाराचा, नंतर जोडलेल्या प्रस्तावनेचा, चित्रांचा हक्क वेगळा मोजायचा. २०१२ च्या दुरुस्तीने कलम ५२ मध्ये नफा न कमावणाऱ्या ग्रंथालयाला आपल्याजवळ छापील प्रत असलेल्या ग्रंथाची जतनासाठी डिजिटल प्रत ठेवायची मुभा आहे. जतनासाठी, वेबसाइटवर टाकण्यासाठी नव्हे. अध्यक्षांना हा फरक लेखी द्या.

३०० डीपीआय, बारीक टाइप असेल तर ४०० आणि रंगीत. पाने कडकडीत झालेली असतील तर सपाट स्कॅनरवर पुस्तक दाबू नका, कणा तुटतो. वरून कॅमेरा आणि खाली व्ही आकाराचा पाळणा हवा. आणि आधी दुसरीकडे तेच पुस्तक स्कॅन झालेले आहे का ते बघा.

देवघेव_खिडकी

ज्येष्ठ सभासदांना सांगा : नाही, संगणकामुळे वाचक वाढत नाहीत. रांग कमी होते, ग्रंथपालाची मान वहीतून वर येते. त्या मोकळ्या वेळाचे काय करता यावर पुढचे.

काउंटरवर येणारा वाचक शीर्षक शोधायला क्वचित येतो. "नवीन काय आलंय?", "मागच्या वेळी नेलं तसलंच द्या", "आईला वाचायला काहीतरी, मोठ्या टाइपातलं." यांतला मोठ्या टाइपाचा प्रश्न तरी कुठल्या सॉफ्टवेअरच्या शोधात आहे? टीपेच्या रकान्यात "मोठा टाइप" इतके लिहून ठेवले तर त्याची यादी काढता येते. बारा पॉइंटांच्या वरचे, मोकळ्या ओळींचे पुस्तक दिसले की तो शब्द टाकायचा. नोंद करताना पुस्तक हातात असतेच, दोन सेकंदांचे काम.

पाच वर्षांत एकदाही न हललेल्या पुस्तकांची यादी वर्षातून एकदा काढा. ती थेट निर्लेखनासाठी नव्हे. त्यातली वीस-पंचवीस डोळ्यांच्या उंचीच्या फळीवर, पुठ्ठा समोर करून आडवी मांडा. तळाच्या फळीवरची पुस्तके वाईट असतात असे नाही, वाकावे लागते म्हणून राहतात. महिनाभराने जी तरीही जागची हलली नाहीत त्यांचा विचार करा. खरेदी मात्र केवळ देवघेवीच्या आकड्यांवर करू नका. तसे केले की चार-पाच लेखकांच्याच प्रती वाढत जातात. मागणी-वहीत लिहिलेली आणि तुमच्याकडे नसलेली पुस्तके आकड्यांत दिसतच नाहीत.

आणि एक काळजी. वहीच्या पानावरून कोणी काय वाचले हे शोधायला कष्ट पडायचे, आता एका टिचकीत दिसते. आजाराविषयी, घटस्फोटाविषयी, धर्म सोडण्याविषयी वाचणारा माणूस आपल्याच गावातला असतो. कोहामध्ये पुस्तक परत आल्यावर सभासद आणि पुस्तक यांचा दुवा पुसण्याची सोय आहे, ती चालू करून घ्या. देवघेवीची संख्या अहवालासाठी तरीही राहते. नवे अर्ज घेताना आधारची झेरॉक्स मागू नका. पत्ता, मोबाइल, अनामत पुरे. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम, २०२३ प्रमाणे तर संगणकात भरलेली वैयक्तिक माहिती सांभाळायची जबाबदारी तुमची.

जुना_दाखलअंक

राहिलेली गोष्ट, वीज. काउंटरच्या संगणकाला ६०० व्हीएचा यूपीएस दहा-पंधरा मिनिटे देतो, तेवढ्यात काम बंद करून संगणक नीट मिटवायचा. पुढची देवघेव कागदावर : वेळ, सभासद क्रमांक, दाखल अंक, दिले की घेतले. वीज आली की ती वेळेच्या क्रमानेच भरायची. आधी सगळी दिलेली आणि मग सगळी घेतलेली अशी भरली, तर दुपारी परत आलेले आणि लगेच दुसऱ्याला दिलेले पुस्तक संगणकात जमा दिसते, आणि ज्याच्याकडे ते आहे त्याच्या नावावर काहीच नसते. बॅकअप रोज रात्री आपोआप, आठवड्यातून एकदा वेगळ्या डिस्कवर, आणि ती डिस्क वाचनालयाच्या इमारतीबाहेर. महिन्यातून एकदा तो बॅकअप दुसऱ्या संगणकावर उघडून दहा पुस्तके शोधून बघा. न उघडणारी फाइल महिनोन्‌महिने बॅकअप म्हणून साठत राहते आणि कळते ते डिस्क गेल्यावरच.